मधली पट्टी

शारजाच्या औद्योगिक भागात बोर्ड आणि बॅनर बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सूर्यकांत तोडणकर अकरा वर्षं काम करत होता. दुकानांच्या पाट्या, प्रदर्शनांचे स्टॉल, मॉलमधली कागदी सजावट, जे येईल ते. मूळचा रत्नागिरीकडच्या पूर्णगडचा. गावी असताना गणपतीची मखरं करायचा आणि कृष्णाबाईंच्या कीर्तनात मागे उभा राहून झांजा वाजवायचा. मखरं सुटली; झांजा पुरत्या सुटल्या नव्हत्या. महिन्यातून एकदा अल नहदा वस्तीत कुणाच्या तरी फ्लॅटवर दारं-खिडक्या लावून कीर्तन व्हायचं. तिथं त्याला हमखास बोलावणं असे.

त्याची एक सवय होती. काम कोणतंही असो, सुरुवात मधल्या पट्टीपासून. मधली पट्टी अंथरायची, तिचा मध्य मोजायचा आणि त्या मध्यावर, मागच्या बाजूनं, मार्करनं ‘॥ श्री ॥’ लिहायचं. मग दोन्ही अंगांना एकेक पट्टी जोडत जायचं. वडिलांनी मखराचं काम असंच शिकवलं होतं. मधली सरळ बसली की बाकीच्या मुकाट बसतात, असं त्याचं म्हणणं. फोरमन शौकतला आता याची सवय झाली होती. “सूर्यकांत, पहले अपना स्टार्ट बटन दबा ले, फिर चाय,” म्हणायचा.

रॉयस्टन डिमेलोची ऑर्डर आली तेव्हाही बटण दाबलं गेलंच.

रॉयस्टन वसईचा, दुबईच्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळायचा आणि अल नहदात राहायचा. शिवाय तो ‘शारजा हेरॉन्स’ नावाच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल टीमचा मॅनेजर होता, बिनपगारी. त्याच्या हॉटेलानं कधीकाळी या टीमला पैसे दिले होते आणि रॉयस्टनला देखरेखीला पाठवलं होतं. पुढं हॉटेलानं पैसे बंद केले, पण रॉयस्टन तसाच राहिला.

ऑर्डर सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच बॅनरची होती. लाल क्रेप कागद, वर पांढरी अक्षरं. दोन ओळींचं इंग्रजी यमक. त्याचा मतलब एवढाच, की कॅप्टनचे शंभर सामने झाले आणि गुडघा एकच उरला.

“कापड नको, फ्लेक्स नको, कागदच,” रॉयस्टन फोनवर म्हणाला होता. “आणि मध्ये टेप बिलकुल मारू नको.”

“मग टिकणार कसा साहेब?”

“टिकायचा नाहीये रे बाबा. चल, नंतर बोलतो, इकडे चारशे लोकांचं लंच आहे.”

टिकायचा नाही, म्हणजे सामना संपेपर्यंत पुरला तरी चालेल, असं सूर्यकांतनं धरलं. त्यानं मैद्याची खळ शिजवली, पट्ट्या खळीनं जोडल्या. दोन दिवस लागले. गुरुवारी संध्याकाळी रॉयस्टन पिकअप घेऊन आला. दोन ॲल्युमिनियमच्या पाइपांवर गुंडाळलेला बॅनर दोघांनी मिळून चढवला.

“एकदम फर्स्ट क्लास,” रॉयस्टन म्हणाला. “फाडायला मजा येईल पोरांना.”

“फाडायला?”

“मग! मॅचच्या आधी अख्खी टीम धावत येऊन याच्यातून आरपार जाते. तिकडे ऑस्ट्रेलियात प्रत्येक टीम असं करते. कागदाच्या चिंध्या, त्याच्यावर बूट, आणि मॅच चालू.” त्यानं दार ओढलं. “यल्ला, चल, ट्रॅफिक लागेल.”

पिकअप कोपऱ्यावरून वळेपर्यंत सूर्यकांत हात पुसत उभा होता. मग त्याला श्री आठवला. चार मीटर उंचीचा मध्य, म्हणजे जमिनीपासून दोन मीटर. धावत येणाऱ्या उंच माणसाच्या बरोबर कपाळापुढं. आणि तिथून खाली, खिळ्यांच्या बुटांखाली.

कागदाला चुकून पाय लागला तरी हात लावून डोळ्यांना लावणाऱ्या घरातला माणूस. त्यानं रूमवर जाऊन आंघोळ केली आणि कृष्णाबाईंना फोन लावला. बाई सत्तरीच्या. पंचक्रोशीत अजून कीर्तनाला उभ्या राहात.

“बोल सुर्या. जेवलास?”

“नाही बाई. एक घोळ झालाय.” त्यानं सगळं सांगितलं. बॅनरमधून आरपार जायचा प्रकार समजावताना जरा वेळ गेला.

“म्हणजे मुद्दाम बांधायचं आणि मुद्दाम फाडायचं?”

“हो.”

“किती माणसं?”

“चौदा-पंधरा असतील.”

“आणि तू श्री लिहिलास कशाला?”

“सुरुवात म्हणून.”

“मग झाली ना सुरुवात? त्यानं त्याचं काम केलं. आता तू जेवून घे.”

“पण बाई, पाय पडणार त्याच्यावर. बुटाचे.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. “हे बघ, मी सांगितलं आणि तू ऐकलंस, असं झांजांच्या बाबतीतसुद्धा कधी झालं नाही. मी हळू म्हणायचे, तू धावायचास. तुला जे करायचंय ते तू करणार. फक्त माझं नाव सांगून करू नकोस.”

शुक्रवारी त्यानं रॉयस्टनला तीनदा फोन केला. चौथ्यांदा रॉयस्टननं उचलला आणि ऐकून घेतलं.

“सूर्यकांत, मॅच फुजैराला आहे.”

“मी येतो साहेब. तेवढा तुकडा काढून दुसरा लावतो. पाच मिनिटांचं काम.”

“ये मग. उद्या एक वाजता माझ्या बिल्डिंगखाली. डोरोथी पण आहे. पोल धरायला माणूस कमीच आहे आपल्याकडे.”

शनिवारी शौकतनं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. कारण ऐकून तो हसला नाही. “जा भाई. ये चीज छोटी नहीं है,” एवढंच म्हणाला. सूर्यकांतनं पिशवीत कटर, लाल कागदाचा एक गुंडाळा, टेप आणि खळीची बाटली घेतली.

गाडी डोंगरातून चालली होती. दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे बोडके कडे. रॉयस्टन गाडी चालवत होता, त्याची बायको डोरोथी शेजारी सँडविचचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

“साहेब, खेळ कसा असतो हा?”

“मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल. हातानं मारा, पायानं मारा, पळवा. फेकायचा मात्र नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून गेला तर सहा पॉइंट. बाजूनं गेला तर एक.”

“चुकला तरी एक?”

“चुकला तरी एक.”

“बरा आहे की खेळ.”

“आमची टीम त्या एका-एकावरच जगते, मॅन.”

“किती जिंकल्या यंदा?”

डोरोथी खिडकीबाहेर बघत हसली. रॉयस्टननं गिअर बदलला. “सात खेळलो. सात हरलो.”

“आणि समोरचे?”

“फुजैरा अँकर्स? ते पण सात. सगळी बंदरावरची माणसं. शिफ्ट लागली की निम्मी टीम जहाजावर. मागच्या मॅचला नऊ जण आले होते.”

“मग आज कुणीतरी एक जिंकणार.”

“तेच टेन्शन आहे,” डोरोथी म्हणाली. “पण टाय पण होते रे. माझा तुमच्या टीमवर विश्वास आहे, रॉय.”

“तू सँडविच दे.”

मग रॉयस्टननं मागं न बघता विचारलं, “किती मोठा आहे तुझा तो श्री?”

“तळहाताएवढा.”

“मग काय. कट मारायचा, मागून दुसरा कागद चिकटवायचा. कॅप्टनला सांगायची पण गरज नाही. फक्त टेप नको हं मध्ये. गेल्या वर्षी दुसऱ्या एका टीमनं मध्ये टेप मारला होता. पहिला माणूस आपटून मागं पडला, आणि त्याच्यावर बाकीचे बारा.”

मैदान गावाबाहेर होतं. एरवी तिथं क्रिकेट चालायचं. एका बाजूला निवडुंगाचं कुंपण, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि नांगरून उभी असलेली तेलवाहू जहाजं, मोजायला गेलं तर तीस-चाळीस. वारा समुद्रावरून येत होता. प्रेक्षक म्हणून दोन बायका, चार मुलं आणि कुंपणापाशी बसलेले तिघे पठाण.

सामना साडेचारला होता. तीन वाजता त्यांनी बॅनर उभा केला. डोरोथीनं एक पाइप धरला, रॉयस्टननं दुसरा. सहा मीटरचा लाल कागद वाऱ्यानं पोट फुगवून उभा राहिला. पांढरी अक्षरं मैदानाच्या मध्याकडं, श्री मागे. खेळाडू मागूनच येणार होते. सूर्यकांत खुर्चीवर चढला. श्री नेमका तिथंच होता, आपल्या जागी, सरळ.

कागद त्यानं बनवला होता. क्रेपला भोक पडलं आणि त्यात वारा शिरला तर काय होतं, हे त्याच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. बॅनर आडवा करून, वर वजन ठेवून कापायला हवा होता. तेवढा धीर त्याला धरवला नाही. दोन दिवसांची घाई हातात आली. त्यानं नमस्कार केला आणि कटर चालवला. चार बाजू. तळहाताएवढा चौकोन अलगद सुटून हातात आला. तो त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला आणि खळीच्या बाटलीचं झाकण काढलं.

तेवढ्यात भोकाच्या खालच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली. आवाज अगदी बारीक. चीर खाली गेली, दुसरी वर गेली, मग वारा आरपार झाला. खळीचे जोड एकामागून एक सुटत गेले. डोरोथी ओरडली. मधल्या पाच-सहा पट्ट्या मैदानावरून निवडुंगाच्या कुंपणाकडे निघाल्या. कुंपणापाशी बसलेल्या पठाणांनी टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला.

“खलास,” रॉयस्टन म्हणाला.

कॅप्टन कपडे बदलायच्या खोलीतून गुडघ्याला पट्टी गुंडाळत बाहेर आला. शारजातल्या एका शाळेत तो व्यायाम शिकवायचा. वय एकेचाळीस, केस विरळ, उन्हानं नाक सोललेलं. त्यानं पाइपांकडं पाहिलं, कुंपणाकडं पाहिलं.

“वारा फार आहे, कॅप्टन,” रॉयस्टन चटकन इंग्रजीत म्हणाला.

सूर्यकांत खुर्चीवरून उतरला. “नो सर. विंड नहीं. मैंने काटा. आय कट.”

रॉयस्टननं त्याच्याकडं असं बघितलं, की गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं.

“का?” कॅप्टननं विचारलं.

सूर्यकांतनं खिशातून तुकडा काढून दाखवला. “गॉड नेम, सर. मी लिहिलं होतं. आय डोंट नो, यू ब्रेक. फिर सबका शूज...” त्यानं पायाकडं हात केला. पुढचं इंग्रजी त्याला सुचेना. उरलेलं रॉयस्टननं सांगितलं, मार्कर, मधली पट्टी, वडील, सगळं. नाईलाजानं सुरू केलं खरं, पण सांगता सांगता त्यालाच त्यात रस आला.

कॅप्टन ऐकत होता. त्यानं तुकडा हातात घेतला नाही. हात गुडघ्याच्या मलमानं माखले होते म्हणून मागंच धरले. “माझी आजी बायबलवर चहाचा कपसुद्धा ठेवू द्यायची नाही,” तो म्हणाला. “ठेवा तो नीट. आम्ही तसेच जाऊ. मधून जायची सवय या टीमला तशीही नाही.”

आणि तो गुडघ्याची पट्टी आवळत परत आत गेला. आत जाताना एकदा त्यानं मागं वळून कुंपणावर अडकलेल्या ‘१००’कडं पाहिलं. एक आणि एक शून्य शाबूत होतं.

तो रागावला असता तर सूर्यकांतला सोपं गेलं असतं. श्री खिशात सुखरूप होता. ज्यासाठी सत्तर मैल आलो ते काम झालं होतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं.

“साहेब, किती वेळ आहे?”

“एक तास पाच मिनिटं. का?”

“डावीकडच्या पट्ट्या चांगल्या आहेत. गुंडाळा आहे माझ्याकडे. एवढा मोठा नाही होणार. दारासारखा होईल, दोन माणसं जातील एवढा.”

रॉयस्टननं डोकं खाजवलं. “तू पण ना, सूर्यकांत. चल. डोरोथी, कुंपणावरचं गोळा कर.”

कागद गवतावर अंथरला की उडायचा. वजन ठेवायला काही नव्हतं. पलीकडच्या टोकाला फुजैरा अँकर्स अंग मोकळं करत होते. अकरा जण होते, त्यांच्याकडं बॅनर वगैरे काही नव्हतंच. त्यांतला एक दाढीवाला, पिंपाएवढा माणूस चालत आला, बघितलं आणि काही न विचारता कागदाच्या कोपऱ्यावर बसला. मग त्यानं बाकीच्यांना हाक मारली. सातेक जण येऊन वाऱ्याच्या बाजूनं ओळीनं बसले, कागदाच्या कडेवर मांड्या टाकून. त्यांच्या पाठींच्या आडोशाला वारा अडला.

“हे समोरच्या टीमचे ना?” सूर्यकांतनं हळूच विचारलं.

“हो. हे पण हरतात, त्यामुळे मोकळे असतात.”

मधली पट्टी अंथरली. सूर्यकांतनं मोजली, मध्य काढला. खूण करायला मार्कर उचलला आणि हात थांबला.

न लिहिता जोडायला घेतलं. एक पट्टी डावीकडं, एक उजवीकडं. उजवीकडची तिरकी बसली. सोडवली, पुन्हा लावली, पुन्हा तिरकी. टेपला टेप चिकटला. बोटांना खळ, खळीला गवत. अकरा वर्षांत आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांत बिनसुरुवातीचं काम त्यानं कधी केलं नव्हतं. ते कुठून धरायचं हेच हातांना कळत नव्हतं.

“काय झालं?” रॉयस्टननं विचारलं. “पंधरा मिनिटं गेली.”

“काही नाही.”

तो दोन्ही पट्ट्या बाजूला सारून थोडा वेळ उकिडवा बसून राहिला. पाठीमागं अँकर्स आपसात काहीतरी बोलून हसत होते. आतल्या खोलीतून गुडघा चोळायच्या मलमाचा वास येत होता. हे फाटणार, हे त्याला आता माहीत होतं. गुरुवारी माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणता येत होतं. आता लिहिलं तर ते म्हणता येणार नव्हतं.

त्यानं चपला काढल्या, बाजूला ठेवल्या. मधल्या पट्टीच्या मध्यावर त्यानं श्री लिहिला. पहिल्यापेक्षा मोठा, दोन्ही दंड ठळक. मग पट्ट्या जोडल्या. जोड खळीचे, दोन कडेच्या टोकांना तेवढा टेप. नवं शून्य कापलं. यमकाच्या ओळी गेल्याच होत्या, ‘१००’ राहिलं.

“अरे, परत?” रॉयस्टन वाकून बघत म्हणाला. “ह्याच्यासाठी तर...”

“असू दे साहेब.”

“बघ हं. नंतर मला बोलू नको.”

“नाही बोलणार.”

चार वीस झाले. बॅनर उभा राहिला. एक पाइप डोरोथीकडं, एक सूर्यकांतकडं. दारापेक्षा थोडा मोठा. अँकर्स आपल्या जागेवर गेले. पांढऱ्या कपड्यांतला अंपायर चेंडू काखेत घेऊन मैदानाच्या मध्यावर उभा होता.

हेरॉन्स बाहेर आले. तेरा जण. दोघांचे मोजे वेगळे. कॅप्टन पुढं, लंगडत धावत. बॅनरपासून चार पावलांवर त्यानं मान वर केली आणि तो थांबला. मागचा त्याच्या पाठीवर आदळला, त्याच्या मागचा त्याच्यावर, आणि अख्खी टीम गाडीचे डबे ढकलल्यासारखी उभी राहिली.

कॅप्टननं कागदावरच्या अक्षराकडं बोट दाखवलं आणि सूर्यकांतकडं पाहिलं. चूक झाली का, अशा अर्थानं.

सूर्यकांतनं पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, त्यामुळं हात जोडता येत नव्हते. त्यानं मान हलवली. “ओके, सर,” तो म्हणाला. “यल्ला.”

“शुअर?”

“यल्ला, यल्ला!” तो ओरडला. कीर्तनात शेवटच्या गजराला ओरडायचा तसं, आणि तसंच जरा लवकर.

कॅप्टन मागं सरकला, चार पावलं, पाच. सगळेच सरकले. मग तो डोकं खाली घालून निघाला. कागद त्याच्या कपाळावर फाटला, अगदी सहज, दोन्ही बाजूंना सरळ रेषेत. बाकीचे बारा त्याच्या मागून ओरडत गेले आणि लाल चिंध्या त्यांच्या खांद्यांवरून गवतावर पडल्या.

सूर्यकांतनं पाइप खाली ठेवला आणि अनवाणी मैदानात जाऊन कागद गोळा करायला लागला. अंपायरनं घड्याळ पाहिलं, पण शिट्टी तोंडात घेतली नाही. दाढीवाला अँकर आपल्या जागेवरून चालत आला, बुटाला चिकटलेली एक पट्टी सोडवून त्यानं सूर्यकांतच्या हातात दिली. कोरीच होती.

“हीच का?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“येस, येस,” सूर्यकांत म्हणाला, आणि ती बाकीच्यांबरोबर पिशवीत ठेवून रेषेबाहेर आला.